वायदा, सट्टा आणि मर्यादा
भारतातील वायदेबाजाराच्या शासकीय नियमनाचा दीडशे वर्षांचा इतिहास

शेती आणि व्यापार ही जैन समाजाच्या उपजीविकेची दोन प्रमुख साधने होत. दक्षिण महाराष्ट्रात नांगर धरणारा श्रावक आणि पेठेत तराजू धरणारा श्रावक हे दोघेही एकाच मंदिरात दर्शनास येतात. पिकवणारा आणि विकणारा या दोघांनाही एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या भेडसावत आला आहे, तो म्हणजे उद्याच्या भावाचा. या अनिश्चिततेवर उपाय म्हणून वायदा जन्मास आला, आणि त्याच अनिश्चिततेचा खेळ करण्याच्या मोहातून सट्टा फोफावला. या दोहोंमधील सीमारेषा कोठे ओढावी, हे ठरविण्यासाठी भारतातील शासनसंस्था सन १८६५ पासून आजतागायत झटत आहे. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहताना या इतिहासाचेही अवलोकन करणे उचित ठरेल. कारण आज हा प्रश्न पेठेतील पेढीपुरता उरलेला नसून घराघरांतील मोबाइलच्या पडद्यावर येऊन ठेपला आहे.

वायद्याचे मूळ प्रयोजन

वायदा म्हणजे वचन. अमुक माल, अमुक भावाने, अमुक तारखेस देईन किंवा घेईन, असा आज केलेला करार म्हणजे वायद्याचा सौदा. माल व पैसा यांची तत्काळ देवघेव होते तो हजर सौदा. सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर प्रसिद्ध आहे. शेजारच्या हरिपूर येथे कृष्णाकाठच्या जमिनीत खोल खणलेल्या पेवांत ही हळद वर्षानुवर्षे साठविली जात असे. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. तथापि त्यांची आठवण जुन्या पिढीच्या मनात अद्याप ताजी आहे. माल दीर्घकाळ टिकतो, त्याची प्रत ठरविता येते आणि भाव मात्र वर-खाली होतो, अशा वस्तूंच्या ठायी वायद्याचा व्यवहार स्वाभाविकपणेच रुजतो. सांगलीत हळदीच्या वायद्यासाठी ‘स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज’ ही सरकारमान्य संस्था कार्यरत होती, ती याच कारणाने.

एक साधे उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याच्या शेतात शंभर क्विंटल हळद उभी आहे. काढणीस चार महिने अवकाश आहे. त्या वेळी भाव कोसळेल ही त्याची चिंता. तर मसाल्याच्या कारखानदारास त्या वेळी भाव भडकेल ही चिंता. दोघांनी आजच भाव बांधून घेतला, तर दोघेही निश्चिंत होतात. ही वायद्याची उपकारक बाजू होय. परंतु ज्याच्याजवळ हळद नाही आणि ज्याला हळद नकोही आहे, असा तिसराही मनुष्य बाजारात येतो. तो केवळ भावातील फरकावर दृष्टी ठेवून घेतो वा विकतो. असे लोक अगदीच नसतील, तर शेतकऱ्यास समोरचा ग्राहक सहजी मिळणार नाही. आणि असेच लोक सर्वत्र झाले, तर भावाचा मालाशी संबंधच उरणार नाही. नियमनाचा सगळा प्रश्न या प्रमाणात सामावलेला आहे.

ऑप्शन, म्हणजे विकल्पाचा सौदा, हाही आपल्याकडे नवा नव्हे. जुन्या व्यापाऱ्यांत ‘तेजी-मंदी’ या नावाने तो रूढ होता. ठराविक रक्कम आगाऊ देऊन पुढील तारखेस ठरलेल्या भावाने माल घेण्याचा हक्क मिळविणे म्हणजे तेजी लावणे, आणि विकण्याचा हक्क मिळविणे म्हणजे मंदी लावणे. लावणाऱ्याची हानी दिलेल्या रकमेपुरतीच राहते. ती रक्कम खाणाऱ्याची हानी मात्र अमर्याद होऊ शकते. थोडक्या पैशांत मोठा सौदा करता येणे हे या व्यवहाराचे आकर्षण, आणि तेच त्याचे विषही होय.

१८६५ चा धडा

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा तेथील कापसाचा पुरवठा खुंटला. गिरणीमालकांची दृष्टी मुंबईकडे वळली. कापसाचे भाव चढत गेले आणि मुंबईत संपत्तीचा पूर आला. हा पैसा नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या समभागांत शिरला. ‘बॅकबे रेक्लमेशन’चे समभाग मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. व्यवहार बहुतांशी मुदतीचे होते. समभाग व पैसा पुढील तारखेस द्यावयाचे होते, आणि अशा असंख्य सौद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी पुरी होणार होती.

या सर्व उलाढालींच्या केंद्रस्थानी होते सुरत येथे १८३१ मध्ये जन्मलेले प्रेमचंद रायचंद. हे जैन श्रावक त्या काळी मुंबईच्या कापूस व समभाग बाजाराचे अनभिषिक्त सम्राट मानले जात. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणी सैन्याने शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईत येताच कापूस कोसळला आणि त्यापाठोपाठ समभागही. १ जुलैचा दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्यांकडे पैसा नव्हता. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. सरकारचा सहभाग असलेली बँक ऑफ बॉम्बेही तारणावाचून वाटलेल्या कर्जांमुळे डबघाईस आली. १८६८ मध्ये ती गुंडाळली गेली आणि तिच्या कारभाराच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला.

प्रेमचंद शेठही या प्रलयात सापडले. तथापि वैभवाच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी आणि मातोश्री राजाबाई यांच्या स्मरणार्थ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लक्ष रुपये दिले होते. १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो राजाबाई टॉवर आजही उभा आहे. दृष्टी गमावलेल्या मातेस सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ टोल्यांवरून कळावी, असा या दानामागील हेतू सांगितला जातो. सट्ट्यात मिळविलेले वाहून गेले आणि दानात दिलेले टिकले, एवढा बोध तरी या कथेतून निश्चित होतो.

जुगार आणि व्यापार : कायद्याने केलेला भेद

या पडझडीनंतर शासनाला प्रथमच गांभीर्याने विचार करावा लागला. पैजेचे करार न्यायालयात वसूल होऊ नयेत हे तत्त्व १८४८ च्या कायद्यात आलेच होते. १८६५ च्या मुंबईच्या तिसऱ्या अधिनियमाने त्यापुढे जाऊन पैजेस साहाय्यभूत होणारे आनुषंगिक करारही निरर्थक ठरविले. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या तिसाव्या कलमाने पैजेचे करार शून्यवत ठरविण्याचे तत्त्व देशभर लागू केले.

परंतु वायद्याचा कोणता सौदा ही पैज आणि कोणता व्यापार? न्यायालयांनी हळूहळू एक कसोटी बसविली. सौदा करताना दोन्ही पक्षांचा हेतू मालाची देवघेव कधीच करावयाची नाही, केवळ भावातील फरक चुकता करावयाचा, असा असेल तर ती पैज. एका पक्षाचा हेतू सट्ट्याचा असला तरी दुसऱ्याचा नसेल, तर तो करार वैध. तत्त्वतः ही कसोटी स्वच्छ होती. व्यवहारात मात्र मनातील हेतू सिद्ध करणे दुष्कर होते. पुढे १९५९ मध्ये हापूडच्या पेढ्यांशी झालेल्या सौद्यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की पैजेचा करार शून्यवत असला तरी तो बेकायदा ठरतोच असे नाही.

मनुष्याची हौस मालाची वाट पाहत नाही, याचा प्रत्यय मुंबईने त्याच काळात घेतला. पाऊस पडेल की नाही, यावर पैजा लावण्याचे वेड शहरात इतके बोकाळले, की १८९० मध्ये मुंबई सरकारला जुगारबंदीच्या कायद्यात दुरुस्ती करून पर्जन्यावरील पैजांनाही त्याखाली आणावे लागले.

दरम्यान व्यापाऱ्यांनी स्वतःचे शिस्तीचे मार्ग शोधले. १८७५ मध्ये ‘बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन’ स्थापन झाली आणि भारतात कापसाच्या संघटित वायद्यास आरंभ झाला. समभागांच्या दलालांची संघटनाही त्याच वर्षी आकारास आली. १९०० मध्ये तेलबियांसाठी ‘गुजराती व्यापारी मंडळी’ आणि १९१३ मध्ये गव्हासाठी हापूडचे ‘चेंबर ऑफ कॉमर्स’ उभे राहिले. मालाची प्रत, तोलमाप, लवादाची रीत आणि सौदा चुकविणाऱ्यास शासन यांचे नियम या संस्थांनी घालून दिले. शासकीय नियमनाचा पाया व्यापाऱ्यांच्या या स्वयंशिस्तीवरच रचला गेला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कापसाचे भाव बेफाम झाले, तेव्हा सरकारने प्रत्यक्ष हस्तक्षेप केला. १९१९ च्या युद्धकालीन कायद्यानंतर १९२२ चा कापूस करार अधिनियम आला आणि ‘ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन’ला मान्यता मिळाली. बाजार व्यापाऱ्यांनी चालवावा, पण मान्यता व देखरेख शासनाची असावी, ही रचना येथून रूढ झाली.

बंदीचे पर्व

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. १९३९ मध्ये मुंबई सरकारने कापसातील तेजी-मंदीचे, म्हणजे ऑप्शनचे, सौदे निषिद्ध केले. १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली तेलबिया, अन्नधान्ये, मसाले, वनस्पती तेले, साखर व कापड यांतील वायद्यांवर बंदी आली. टंचाईच्या काळात साठेबाजीला वायद्यामुळे बळ मिळते, ही शासनाची धारणा त्यामागे होती.

स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनी या विषयाची विभागणी मोठ्या विचारपूर्वक केलेली दिसते. पैजा व जुगार हा विषय राज्यसूचीत आहे. शेअर बाजार व वायदे बाजार हा विषय केंद्रसूचीत आहे. म्हणजे वायदा हा जुगार नव्हे, परंतु तो राष्ट्रीय देखरेखीवाचून सोडण्याजोगाही नव्हे, ही भूमिका घटनेतच अंतर्भूत झाली. तदनुसार ए. डी. श्रॉफ समितीच्या अभ्यासानंतर १९५२ मध्ये ‘वायदे करार (नियमन) अधिनियम’ संमत झाला आणि १९५३ मध्ये मुंबई येथे वायदे बाजार आयोग स्थापन झाला.

या कायद्याची रचना त्रिस्तरीय होती. तळाशी मान्यताप्राप्त व्यापारी संस्था, मध्ये आयोग आणि वर केंद्र सरकार. अकरा दिवसांच्या आत माल व पैसा यांची देवघेव पुरी होणारा सौदा हजर मानला गेला. मालाच्या ऑप्शनवर सरसकट बंदी घालण्यात आली. एका व्यापाऱ्याने किती सौदे उघडे ठेवावेत याची मर्यादा, भाव एका दिवसात किती हलावा याची मर्यादा, आणि भाव तापल्यास जादा अनामत, ही आयोगाची शस्त्रे होती. उद्देश वायदा मारण्याचा नसून त्यास वेसण घालण्याचा होता.

परंतु साठचे दशक दुष्काळ, युद्धे आणि महागाई घेऊन आले. वेसण पुरेशी वाटेना, म्हणून एकामागून एक वस्तूंचे वायदे बंद होत गेले. ज्या कापसाने मुंबईत वायदा रुजविला, त्याचाही वायदा बंद झाला. दशकाच्या अखेरीनंतर मिरी, हळद यांसारख्या मोजक्याच वस्तूंत वैध वायदा उरला. सांगलीच्या हळदीचे या इतिहासातील वैशिष्ट्य हेच, की देशभर दारे बंद होत असताना येथील दार उघडे राहिले. २७ जून १९६९ च्या अधिसूचनेने समभागांतील वायदेही निषिद्ध झाले.

बंदीने वायदा संपला काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहास नकारार्थीच देतो. शेअर बाजारात ‘बदला’ या नावाने तो निराळ्या वेषात टिकला. खरेदी केलेल्या समभागांचे पैसे या वलणाला न देता व्याज भरून पुढील वलणावर ढकलण्याची ही पद्धत होती. वस्तूंच्या पेठांतून बेकायदा सौदे चोरून होत राहिले. नोंद नाही, पावती नाही, दाद मागण्यास न्यायालय नाही. त्याच सुमारास मुंबईत आणखी एक विपरीत प्रकार घडला. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांच्या आकड्यांवर पैजा लागत असत. साठच्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा जुगाऱ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरविण्यास प्रारंभ केला आणि ‘मटका’ जन्मास आला. कापूस गेला, भाव गेला, उरला तो केवळ आकडा! भावाचा मालाशी संबंध तुटला म्हणजे व्यापाराचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

पुन्हा उघडलेली दारे

१९८० मध्ये खुस्रो समितीने आणि १९९४ मध्ये काब्रा समितीने अनेक वस्तूंचे वायदे पुन्हा सुरू करण्याची शिफारस केली. उदारीकरणाच्या धोरणाने वातावरण अनुकूल झाले. १९९२ च्या शेअर घोटाळ्याने मात्र देखरेखीवाचून मोकळीक किती घातक असते हे दाखवून दिले. त्याच वर्षी ‘सेबी’स कायदेशीर अधिकार प्राप्त झाले.

एल. सी. गुप्ता समितीच्या १९९८ मधील अहवालानंतर कायद्यात दुरुस्ती झाली, १९६९ ची बंदी मार्च २००० मध्ये उठली आणि जून २००० मध्ये सेन्सेक्स व निफ्टी या निर्देशांकांचे वायदे मुंबईत सुरू झाले. २००१ च्या वसंतातील पडझडीनंतर त्या वर्षीच्या जुलैपासून बदला पद्धत बंद करण्यात आली. निर्देशांकांचे व समभागांचे ऑप्शन्स आणि समभागांचे फ्युचर्सही त्याच वर्षी आले. येथे एक सूक्ष्म परंतु महत्त्वाचा बदल घडला. निर्देशांक ही काही पेवात ठेवण्याची वस्तू नव्हे. त्याच्या सौद्यात देवघेव केवळ फरकाचीच असणार. करार अधिनियमाच्या काळापासून जी गोष्ट पैजेची खूण मानली गेली होती, तीच आता मान्यताप्राप्त बाजार, अनामत आणि हमी यांच्या चौकटीत विधिवत मान्य झाली.

एप्रिल २००३ मध्ये वस्तूंच्या वायद्यांवरील निर्बंधही उठले आणि संगणकावर चालणारे राष्ट्रीय बाजार उदयास आले. तथापि भाव भडकताच जुने औषध पुन्हा बाहेर निघे. जानेवारी २००७ मध्ये तूर व उडीद आणि पुढच्याच महिन्यात गहू व तांदूळ यांचे वायदे बंद झाले. वायद्यामुळे महागाई वाढते काय, याचा शोध घेण्यासाठी नेमलेल्या अभिजित सेन समितीस २००८ मध्ये तसा निर्णायक पुरावा आढळला नाही. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये हरभरा, गहू, बिगर-बासमती भात, मूग, मोहरी, सोयाबीन आणि कच्चे पामतेल यांचे वायदे एका वर्षासाठी थांबविण्यात आले, आणि ती मुदत पुढे पुनःपुन्हा वाढविण्यात आली. सोयाबीन पिकविणाऱ्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ही बाब लहान नव्हती.

नियमनाच्या उणिवेचे दुसरे टोकही याच काळात दिसले. हजर व्यवहारांसाठी सवलत मिळालेल्या मुंबईतील एका राष्ट्रीय बाजारात अकरा दिवसांची मर्यादा ओलांडणारे सौदे राजरोस होत होते. जुलै २०१३ मध्ये तो बाजार थांबला, तेव्हा सुमारे तेरा हजार गुंतवणूकदारांचे जवळजवळ ५,६०० कोटी रुपये अडकले. ज्या गोदामांतील मालाच्या भरवशावर सौदे झाले होते, त्यांपैकी अनेक ठिकाणी तो मालच नव्हता. १९५२ च्या कायद्यातील एक साधा नियम पाळला गेला असता, तर हा अनर्थ इतका वाढला नसता. २८ सप्टेंबर २०१५ रोजी वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला. २०१७ मध्ये सोन्याच्या ऑप्शनला परवानगी मिळून वस्तूंतील तेजी-मंदीवरील दीर्घ बंदीचाही शेवट झाला.

मोबाइलच्या पडद्यावरील वायदा

जुन्या काळी सौदा करावयाचा तर अडत्याच्या पेढीवर जावे लागे. तेथे ओळख लागे, पत लागे, आणि वडीलधाऱ्यांच्या कानावर गोष्ट गेल्यावाचून राहत नसे. आज महाविद्यालयीन तरुण चार भिंतींच्या आत, कोणासही न सांगता, काही क्षणांत लक्षावधी रुपयांचा सौदा करू शकतो. एका आठवड्यात मुदत संपणारे ऑप्शन्स अल्प रकमेत मिळू लागले, तशी या बाजारात येणाऱ्यांची रीघ लागली.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने मुळातून समजून घेण्याजोगा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. प्रत्येकाचा सरासरी तोटा खर्चासह सुमारे दोन लक्ष रुपये, आणि सर्वांचा मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. तीस वर्षांखालील व्यक्तींचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ७२ टक्क्यांहून अधिक व्यक्ती पहिल्या तीस महानगरांच्या बाहेरील, म्हणजे आपल्यासारख्या गावांतील होत्या. सर्वांत खेदाची बाब ही, की तोटा सोसलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक तोटा होऊनही खेळत राहिले. नफा गेला तो प्रामुख्याने संगणकीय आज्ञावलींच्या साहाय्याने व्यवहार करणाऱ्या मोठ्या देशी-विदेशी संस्थांकडे.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी सेबीने निर्देशांकांच्या सौद्यांवर नवे निर्बंध जाहीर केले. नव्या सौद्यांचे किमान मूल्य पाच-दहा लाखांवरून पंधरा लाखांवर नेण्यात आले. साप्ताहिक मुदतीचे सौदे प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते सीमित झाले, ऑप्शन घेणाऱ्याकडून रक्कम आगाऊ घेणे बंधनकारक झाले, आणि मुदत संपण्याच्या दिवशी जादा अनामत आकारण्याचे ठरले. संख्येत काही घट झाली. तथापि जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासानुसार २०२४-२५ या वर्षीही ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच होत्या आणि त्यांचा निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपये होता.

या आकड्यांमागे घरे आहेत. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव, दुकानाचे भांडवल, शेताच्या तारणावर काढलेले कर्ज यांतूनच हा पैसा येतो. १८६५ मध्ये बुडणाऱ्या पेढ्यांची नावे सर्व शहरास कळली. आजचा तोटा मूकपणे सोसला जातो, आणि घरच्यांस तो कळतो तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

नियमन आणि व्रत

या सर्व इतिहासाचे सार काय? संपूर्ण बंदीने वायदा नाहीसा झाला नाही, तो अंधारात गेला. संपूर्ण मोकळिकीने तो फोफावला आणि अनेकांना घेऊन बुडाला. यश आले ते मर्यादेच्या मार्गास. किती सौदे, किती अनामत, किती मुदत, प्रत्यक्ष माल आहे किंवा नाही, यांवर लक्ष ठेवणारे नियमन जेव्हा जागरूक राहिले, तेव्हा शेतकरी व व्यापारी यांना वायद्याचा लाभ झाला.

जैन श्रावकाचारास हे तत्त्व अपरिचित नाही. गृहस्थास व्यापार निषिद्ध नाही. त्यास सांगितले आहे ते परिग्रहाचे परिमाण. सप्तव्यसनांत द्यूताचा उल्लेख प्रथम येतो, कारण ते इतर व्यसनांचे द्वार आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या तोलमापाच्या जोडीने ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही गणला आहे, राज्याने घातलेली व्यवहाराची मर्यादा चुकवून लाभ मिळविणे हा तेथे व्रतातील दोष मानला जातो. नोंद चुकवून केलेला डब्याचा सौदा हा म्हणूनच केवळ कायद्याचा भंग ठरत नाही. अनर्थदंडांत ‘अपध्यान’ सांगितले आहे. भाव चढावा म्हणून पाऊस न पडो, पीक न येवो, असे चिंतणारे मन कोणत्या अवस्थेत असते, हे सट्ट्यात रमलेल्यास वेगळे सांगावयास नको.

कायद्याची कसोटी बाह्य असते. दीडशे वर्षांपूर्वी न्यायाधीशांना जो हेतू सिद्ध करणे दुष्कर वाटले, तो हेतू ज्याचा त्यास मात्र निश्चित ठाऊक असतो. आपणाजवळ माल आहे काय, आपणास माल हवा आहे काय, आणि हा सौदा पूर्णतः बुडाला तरी घराच्या चुलीस धग लागणार नाही काय, हे तीन प्रश्न सौद्यापूर्वी प्रामाणिकपणे विचारल्यास वायदा व सट्टा यांतील रेषा शोधण्यास कोणत्याही आयोगाची आवश्यकता भासू नये.

पन्नास वर्षांपूर्वी, सत्तरच्या दशकात, बहुतेक वायद्यांची दारे कायद्याने बंद होती आणि समाजातील ज्येष्ठांचा धाकही जागता होता. आज दारे उघडी आहेत आणि धाक ओसरला आहे. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांशी या विषयावर मोकळेपणाने बोलणे, तोटा झालेल्यास दूषण न देता वेळीच सावरणे, आणि पाठशाळेतील मुलांना द्यूताचा अर्थ आजच्या भाषेत समजावून देणे, हे शासनाचे कार्य नसून समाजाचे आहे. शासन सौद्यास मर्यादा घालू शकते. लोभास मर्यादा घालण्याचे व्रत ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते.